हिरव्याला लाल लागतो: तैलरंगातल्या निसर्गचित्रांबद्दल वाचकांचे प्रश्न

रोप लावणीचे दिवस आले की शिवारात बसून चित्रं काढणाऱ्यांची पत्रं वाढतात. या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: बदलत्या उजेडाचा क्षण टिपणाऱ्या, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकारांसारखं बाहेर बसून, तैलरंगात, एका बैठकीत निसर्गचित्र कसं करायचं? सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्याला बसून चित्र काढते. समोर भात, झाडं, मागं डोंगर, सगळं हिरवंगार. डोळ्यांना किती छान वाटतं! पण बोर्डावर उतरलं की प्लॅस्टिकच्या गवतासारखं दिसतं. सॅप ग्रीन आणि विरिडियन हे दोन्ही तयार हिरवे वापरून झाले. कुठं चुकतंय?
– एक शिक्षिका, खानापूर

उत्तर: ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा लावणं ही पहिली चूक. तुमच्या विरिडियनच्या ट्यूबवर बारीक अक्षरात ‘ह्यू’ लिहिलंय का, ते आधी बघा. स्वस्त संचात बहुधा तसंच असतं. मग आत विरिडियनऐवजी थॅलो नावाचा रंग असतो. तो फार जोरकस आहे. मोहरीएवढा घेतला तरी सुपारीएवढ्या पिवळ्याला ओढून नेतो. खरा विरिडियन त्यामानानं शांत असतो.

महिनाभर हिरवी ट्यूब बंद ठेवा. दोन निळे आणि तीन पिवळे घ्या: अल्ट्रामरीन, सेरुलियन, लेमन यलो, कॅडमियम यलो, यलो ऑकर. प्रत्येक निळा प्रत्येक पिवळ्यात मिसळला की सहा हिरवे होतात. एका छोट्या बोर्डावर सहा चौकोन करा. प्रत्येकाखाली त्याच हिरव्यात थोडा पांढरा घालून एक चौकोन, आणि त्याखाली किंचित लाल घालून आणखी एक. अठरा हिरवे झाले. हा बोर्ड चित्राला बसताना शेजारी ठेवा. अल्ट्रामरीन आणि ऑकरचा हिरवा किती मातकट आणि खोल आहे, लेमन आणि सेरुलियनचा किती कोवळा आहे, हे तिथं एका नजरेत कळतं.

आता तुमचं शिवार. जवळचं, नुकतं लावलेलं रोप उन्हात असेल तर लेमन यलो चार भाग, सेरुलियन एक भाग आणि अगदी थोडा पांढरा. बांधावरच्या आंब्या-जांभळाची सावलीची बाजू अल्ट्रामरीन आणि ऑकर सम प्रमाणात घेऊन करा, त्यात अ‍ॅलिझरिन क्रिमसन या गडद लालाचं एक टोक. पांढरा तिथं घालू नका, सावली खडूसारखी होते. मागचे डोंगर हिरवे आहेत हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण ते हिरवे रंगवतो आणि ते पुढं सरकून भाताच्या डोक्यावर बसतात. अंतर वाढतं तसा हिरव्यातला पिवळा आधी विरतो. पांढरा सहा भाग, अल्ट्रामरीन एक भाग, अ‍ॅलिझरिन आणि ऑकर नावापुरते, एवढं मिश्रण करून लावून बघा, डोंगर मागं जातो.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. हिरव्याला लाल लागतो. बोर्डावर आधी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्यानं पुसून घ्या आणि एक दिवस वाळू द्या. वर हिरव्याचे फटकारे मारताना मधे मधे फट राहू द्या. त्या फटींतून डोकावणारा तांबूस रंग शेजारच्या हिरव्याला जिवंत करतो. खानापूरकडं हे निसर्गातच आहे. रोपांच्या ओळींमधून, बांधाच्या कडेनं तांबडी माती दिसतेच की! ती झाकू नका.

आणि खाचरात साठलेलं पाणी निळं रंगवू नका. त्यात वरचं आभाळ दिसतं, पावसाळ्यात ते राखाडी-पांढरंच असतं. उजळ गोष्ट पाण्यात किंचित गडद दिसते आणि गडद झाड किंचित उजळ. ब्रश आधी वरून खाली ओढा, मग दोन-तीनच आडवे फटकारे द्या. तेवढ्यानं पाणी सपाट होतं.

प्रश्न: माझे रंग पॅलेटवर स्वच्छ असतात, पण अर्ध्या तासात चित्राचा चिखल होतो. इम्प्रेशनिस्ट लोक ओल्यावर ओला रंग लावायचे म्हणतात, मग त्यांचा चिखल का होत नव्हता? सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रम सांगाल का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, शहापूर, बेळगाव

उत्तर: चिखलाची कारणं थोडी आहेत आणि सगळी हातातली आहेत. एका मिश्रणात पांढरा सोडून तीनापेक्षा जास्त रंग. ब्रश न पुसता पुढच्या रंगात बुडवणं. लावलेल्या फटकाऱ्यावरून पुन्हा पुन्हा ब्रश फिरवणं. खालचा थर टर्पेंटाइननं इतका ओला की वरचा त्यावर घसरतो. आणि एक कारण कुणी सांगत नाही: पॅलेटवर रंग फार कमी काढणं. हरभऱ्याच्या डाळीएवढा रंग काढला की माणूस तो खरवडून खरवडून वापरतो, फटकारा कधी बसतच नाही. रंग शेंगेएवढा काढा, पांढरा त्याच्या तिप्पट. म्हणूनच पांढऱ्याची ट्यूब मोठी घ्यावी. टायटॅनियम व्हाइट घ्या, झिंक व्हाइट नको. झिंकचा थर कालांतरानं ठिसूळ होऊन तडकतो.

साहित्य: 10×12 इंचांचा कॅनव्हास बोर्ड, डुकराच्या केसांचे कडक फ्लॅट ब्रश 4, 6, 8 आणि 10 नंबरचे (8 नंबरचे दोन, एक उन्हासाठी, एक सावलीसाठी), पॅलेट नाइफ (रंग मिसळायची बोथट सुरी) आणि जुन्या सुती कपड्याचे भरपूर तुकडे. ब्रशपेक्षा फडकी जास्त लागतात, हे लक्षात ठेवा.

पहिली दहा मिनिटं रंगाला हात लावायचा नाही. पुठ्ठ्यात 5×6 सेंटिमीटरची खिडकी कापा, तुमच्या बोर्डाचं प्रमाण तेच आहे. तिच्यातून बघा, डोळे बारीक करा. डोळे बारीक केले की पानं, कौलं, माणसं नाहीशी होतात आणि चार-पाच मोठे आकार उरतात. चित्र त्या आकारांचं आहे. क्षितिज बरोबर मधोमध येऊ देऊ नका.

पुढची दहा मिनिटं ब्रशनंच रेखांकन. अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना, टर्पेंटाइननं पातळ केलेला. पेन्सिल टाळा, ग्रॅफाइट हलक्या रंगांतून वर दिसतं.

मग अर्धा तास फक्त सावल्या. सगळ्या सावल्या एकदम, पातळ रंगात, पांढऱ्याशिवाय. या एकदा ठरल्या की सूर्य सरकला तरी त्यांना हात लावायचा नाही. नवशिक्यांचं चित्र इथंच बिघडतं. साडेआठला सावली जिकडं आहे ती साडेसातच्या सावलीला जोडली जाते आणि चित्रात दोन सूर्य होतात.

पुढची चाळीस मिनिटं उन्हातले भाग आणि आभाळ. रंग पॅलेटवर नाइफनं मिसळा, ब्रशनं नको. ब्रश शेवटाकडून धरा, रंग उचला, आडवा टेकवा, ओढा आणि उचलून घ्या. झालं. दर दोन फटकाऱ्यांनी ब्रश फडक्याला पुसा. एखाद्या घराच्या छपराची कड घ्या. वरच्या कौलांवर सकाळचं ऊन आहे, तिथं ऑकर, व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि पांढऱ्याचा एक जाड फटकारा. लगेच खाली वळचणीची सावली, तिथं अ‍ॅलिझरिन आणि अल्ट्रामरीनचा जांभळट फटकारा. दोघांची कड जिथं भेटते तिथं मोह होतो की बोट फिरवून मऊ करावं. करू नका. आठ फूट मागं जाऊन बघा. डोळा ती कड स्वतः जुळवतो. इम्प्रेशनिस्टांचे रंग ओले असूनही मळत नव्हते याचं एक मोठं कारण हेच. शेजारी शेजारी ठेवलेल्या फटकाऱ्यांना ते घोटत बसत नसत. त्यांनीही वाळलेल्या थरावर परत काम केलेली चित्रं पुष्कळ आहेत, तेव्हा एका बैठकीत जमलं नाही म्हणून हताश होऊ नका.

शेवटची वीस मिनिटं सर्वांत उजळ आणि सर्वांत जाड रंगाची. इथं दहा-बारा फटकारे पुरतात.

जाडीचं गणित घरातल्या भाषेत सांगायचं तर पहिला थर ताकासारखा, शेवटचा श्रीखंडासारखा. उलट केलं तर वरचा पातळ, कमी तेलाचा थर आधी वाळतो, खालचा तेलकट थर नंतर हलत राहतो आणि वर भेगा पडतात.

एक मात्र सांगायला हवं. ज्याला तुम्ही चिखल म्हणता तो पुष्कळदा नुसता राखाडी असतो, आणि राखाडी वाईट नाही. चुकीच्या जागी ठेवलेला, शेजाऱ्यापेक्षा उगाच गडद किंवा उगाच थंड झालेला राखाडी चिखल दिसतो. पुसण्याआधी शेजारचा रंग बदलून बघा.

प्रश्न: काळा रंग अजिबात वापरायचा नाही, असं ऐकलं आहे. मग तंबाखूच्या शेतातल्या, वडाखालच्या सावल्या कशा करायच्या? आणि सावली जांभळी कशी काय?
– निवृत्त कर्मचारी, निपाणी

उत्तर: ‘अजिबात’ हा शब्द खरा नाही. माने आणि रन्वार या फ्रेंच चित्रकारांनी काळा वापरला आहे, रन्वारचं 1874 सालचं नाटकगृहाच्या सज्जात बसलेल्या जोडप्याचं चित्र काळ्यावरच उभं आहे. पण इम्प्रेशनिस्टांतला प्रमुख चित्रकार मोने यानं 1905 साली आपले रंग सांगितले ते असे: फ्लेक व्हाइट, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन, डीप मॅडर, कोबाल्ट ब्लू आणि फ्रेंचमध्ये ज्याला ‘व्हेर एमरोद’ म्हणतात तो हिरवा, म्हणजे आजचा विरिडियन. काळा त्यात नाही. (फ्लेक व्हाइटमध्ये शिसं असतं, तुम्ही टायटॅनियमच वापरा. मॅडरच्या जागी अ‍ॅलिझरिन, शक्यतो ‘पर्मनंट’ लिहिलेला. साधा अ‍ॅलिझरिन उजेडात फिका पडत जातो.)

नवशिक्यानं काळा दूर ठेवावा याचं कारण इतकंच की पिवळा सोडून बाकी रंगांत तो काजळीसारखा बसतो आणि मग सावलीत काय रंग आहे ते बघणं थांबतं. विरिडियन आणि अ‍ॅलिझरिन मिसळून बघा, जवळजवळ काळा होतो, पण हिरव्याकडं किंवा लालीकडं झुकवता येतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचंही तसंच.

सावली जांभळी दिसते याला दोन कारणं आहेत. सावलीत थेट ऊन पोचत नाही, पण निळ्या आभाळाचा उजेड पोचतो. तांबड्या मातीवर तो निळसर उजेड पडला की जांभळट छटा येतेच. दुसरं कारण डोळ्याचं. एखाद्या रंगाशेजारी ठेवलेला रंग त्याच्या विरुद्ध बाजूला झुकलेला भासतो. पिवळ्या उन्हाशेजारची करडी सावलीही जांभळ्याकडं जाते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यानं 1839 साली हा नियम सविस्तर मांडला. तो गोब्लँ इथल्या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगाईत नसून शेजारच्या धाग्यांत आहे हे त्याच्या लक्षात आलं.

निपाणीकडच्या काळ्या जमिनीवर मात्र जांभळा जपून. तिथली सावली निळसर करडी असते. तंबाखूच्या रुंद पानांचा हिरवा राखट आहे, उन्हात त्यात पांढरा आणि ऑकर, सावलीत अल्ट्रामरीन आणि ऑकर. वडाखाली पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे शेवटी ठेवा, आणि ते गोलसर असतात, पानांच्या आकाराचे नव्हे.

प्रश्न: घाण्यावरचं जवसाचं तेल आमच्याकडं सहज मिळतं. तेच लिनसीड ऑइल ना? ते चालेल का? आणि हार्डवेअर दुकानातलं टर्पेंटाइन?
– शेतकरी, येळ्ळूर

उत्तर: वनस्पती तीच. ज्याची आपण चटणी करतो, त्याच जवसाचं ते तेल. आणि ते वाळतंही. शेंगतेल किंवा खोबरेल कधी वाळणार नाही, ते चुकूनही रंगात घालू नका. पण घाण्याच्या कच्च्या तेलात चिकट गाळ असतो, ते हळू वाळतं आणि जास्त पिवळं पडतं. सरावाला, ब्रश धुवायला वापरा. ठेवायच्या चित्रासाठी चित्रकलेच्या दुकानातली ‘रिफाइंड लिनसीड’ची छोटी बाटली घ्या. एका बैठकीच्या चित्रात तेल चमचाभरही लागत नाही, त्यामुळं ती वर्षभर पुरते. रंगकामाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ नको. त्यात लवकर वाळण्यासाठी क्षार घातलेले असतात, जाड रंगावर सुरकुत्या पडतात आणि रंग काळवंडतो.

टर्पेंटाइनची परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. काही तासांनी डाग न ठेवता उडून गेला तर ठीक. तेलकट वर्तुळ राहिलं तर ते फक्त ब्रश धुवायला. रॉकेल मिसळलेलं असेल तर वर्तुळ हमखास राहतं.

खोलीत काम करत असाल तर खिडक्या उघड्या हव्यात. आणि एक धोका गंभीरपणे घ्या: जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी चुरगळून ढीग करून ठेवली तर वाळताना आतल्या आत तापतात आणि काडी न लावता पेट घेऊ शकतात. गवतगंजी किंवा गोठ्याजवळ तर अजिबात टाकू नका. पाण्यानं भरलेल्या, झाकणाच्या डब्यात ठेवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

प्रश्न: मोनेसारखी गवतगंजीची मालिका करायची आहे. सुगी संपल्यावर आमच्या शिवारात गंज्याच गंज्या असतात. पण दुपारी बसलो तर सगळं सपाट दिसतं, संध्याकाळी बसलो तर चित्र होण्याआधीच अंधार पडतो.
– कडोली

उत्तर: यात तुमचा दोष कमी, अक्षांशाचा जास्त. मोनेनं 1890 आणि 1891 मध्ये फ्रान्समधल्या जिव्हेर्नी गावी आपल्या घराजवळ सुमारे पंचवीस चित्रं केली, त्यातली पंधरा मे 1891 मध्ये पॅरिसमध्ये मांडली. (त्या गंज्या गवताच्या नव्हत्या, गव्हाच्या कापलेल्या पेंढ्यांच्या होत्या.) जिव्हेर्नी 49 अक्षांशावर आहे. तिथं भर उन्हाळ्यातही दुपारचा सूर्य 65 अंशांच्या वर चढत नाही, म्हणून दिवसभर सावली असते. बेळगाव 16 अक्षांशाच्या जवळ. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. सूर्य मावळतोही सरळ खाली, त्यामुळं आपला संधिप्रकाश तिकडच्यापेक्षा पुष्कळ आखूड.

तुम्हाला सुगीनंतरचा काळ मिळतो हे बरं आहे, डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर बसा. संध्याकाळसाठी बोर्ड लहान घ्या, 6×8 इंच, आणि वेळ पंचवीस मिनिटं. मोने अनेक कॅनव्हास बरोबर ठेवायचा आणि उजेड बदलला की बदलायचा. तुम्ही तीन ठेवा: धुक्यातली सात वाजताची गंजी, नऊची, पाचची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच बोर्ड. प्रत्येकाच्या मागं वेळ आणि आभाळ कसं होतं ते लिहा.

तिन्हींत गंजीचा रंग वेगळा करायचा, हीच या अभ्यासाची मेख. धुक्यात ती फिकट जांभळट करडी, कडा विरलेल्या. नऊला उन्हाची बाजू लेमन आणि ऑकरची, सावलीची बाजू जमिनीवरून उसळणाऱ्या उजेडानं खालच्या अंगाला नारिंगी. पाचला सूर्य मागं असेल तर गंजी गडद, फक्त कडेला व्हर्मिलियनची धारदार रेघ. ‘गंजी पिवळी असते’ हे डोक्यातून काढल्याशिवाय यातलं काही दिसत नाही.

बोर्ड उन्हात धरू नका, रंग फसवतात. छत्री लावा, पण पांढरी किंवा करडी. लाल-निळ्या छत्रीचा रंग बोर्डावर उतरतो आणि घरी आल्यावर सगळं चित्र भलत्याच छटेचं निघतं.

प्रश्न: ठिपके ठिपके किंवा नुसता नाइफ वापरला की इम्प्रेशनिस्ट चित्र होतं का? रेखांकन कच्चं आहे, चालेल का?
– चिकोडी

उत्तर: नाही. ठिपक्यांची पद्धत सरा या फ्रेंच चित्रकाराची, ती पुढची पायरी. त्याचं बेटावरच्या रविवारचं मोठं चित्र 1886 च्या आठव्या आणि शेवटच्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात लागलं. आणि कच्चं रेखांकन फटकाऱ्यांखाली लपत नाही, उलट उघडं पडतं. यासाठी लांब जायला नको. चित्रकार रवी परांजपे बेळगावातच के. बी. कुलकर्णी यांच्या ‘चित्रमंदिर’ या चित्रकलेच्या शाळेत शिकले, आणि त्यांच्या रंगांइतकीच त्यांची रेषा पक्की होती. रोज वीस मिनिटं पेन्सिलनं घरं, झाडं, बैलगाड्या काढा.

प्रश्न: पावसात चित्र तीन आठवडे झाले तरी चिकटच आहे. मागं बुरशीही आली. आणि कपाटात ठेवलेलं जुनं चित्र पिवळं पडलंय.
– हल्याळ

उत्तर: तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. गारवा, दमट हवा आणि अंधार असला की ते रखडतं. बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग दोन-तीन दिवसांत वाळतो, कॅडमियम, अ‍ॅलिझरिन आणि टायटॅनियम सावकाश. जाड पांढऱ्याला महिना लागला तरी घाबरू नका. चुलीजवळ किंवा हीटरपुढं ठेवू नका, वर साय धरते आणि आत कच्चं राहतं. उजेडाच्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं लांब, हवा खेळेल असं उभं करा. मागची बुरशी कोरड्या ब्रशनं अंगणात झाडा, ओलं फडकं लावू नका. हार्डबोर्ड वापरत असाल तर पुढून जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्याच, पण मागून आणि कडेनंही एक हात द्या, म्हणजे ओल धरत नाही आणि बोर्ड वाकत नाही. वार्निश किमान सहा महिन्यांनी, जाड चित्राला वर्षानं.

कपाटातलं चित्र बहुतेक वाचेल. अंधारात जवसाच्या तेलाचा थर पिवळा पडतो आणि उजेड मिळाला की तो पिवळेपणा बराचसा जातो. खिडकीजवळ दोन-तीन आठवडे ठेवा, थेट ऊन लागणार नाही अशा बेतानं.